घट्ट जुळणं वेगळं, अचूक जुळणं वेगळं

सिकल सेल या आजाराचं मूळ एका अक्षरात आहे. हिमोग्लोबिनमधला बीटा ग्लोबिन हा भाग कसा बनवायचा, हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं, त्यात एका ठिकाणी जी-ए-जी अशी तीन अक्षरं असतात. मधल्या ए ची जागा टी ने घेतली आणि असं बदललेलं जनुक आई-वडील दोघांकडूनही आलं, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. माणसाच्या डीएनएच्या एका संचात तीनशे कोटींहून थोडी जास्त अक्षरं असतात. तपासणी करणाऱ्याला त्यातलं नेमकं हे एक वाचायचं असतं.

ते वाचायची एक जुनी युक्ती म्हणजे धाग्यानेच धागा ओळखायचा. डीएनएची चार अक्षरं म्हणजे चार बेस: ए, टी, जी आणि सी. ए समोर टी बसतो, जी समोर सी. हा नियम १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी पिळाची रचना मांडली तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे. मग ज्या मजकुराचा शोध घ्यायचा, त्याच्या नेमका पूरक असा छोटा धागा प्रयोगशाळेत बनवायचा, त्याला ओळखीची खूण जोडायची आणि नमुन्यात सोडायचा. जुळला तर मजकूर आहे, नाही जुळला तर नाही. या शोधक धाग्याला प्रोब म्हणतात. १९८३ साली ब्रूस वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ अक्षरांचे असे कृत्रिम धागे वापरून सिकल सेलचं जनुक ओळखून दाखवलं होतं.

ऐकायला हे सोपं वाटतं. अडचण अशी आहे की १९ पैकी १८ अक्षरं बरोबर असली, तरी धागा जुळतोच. एक अक्षर चुकलं म्हणून बाकीची अठरा काही हात सोडत नाहीत.

याचा अंदाज यावा म्हणून त्याच जनुकातला चौदा अक्षरांचा तुकडा घेऊ: सी-टी-सी-सी-टी-जी-ए-जी-जी-ए-जी-ए-ए-जी. यातलं सातवं अक्षर, म्हणजे पहिला ए, हे ते आजाराचं ठिकाण. छोट्या धाग्यांसाठी एक ढोबळ हिशेब आहे: प्रत्येक ए किंवा टी साठी २ अंश, प्रत्येक जी किंवा सी साठी ४ अंश धरायचे. इथे जी आणि सी मिळून आठ आहेत, ए आणि टी मिळून सहा. म्हणजे ३२ अधिक १२, एकूण ४४. साधारण ४४ अंश सेल्सिअसला या धाग्याच्या निम्म्या जोड्या सुटलेल्या असतील. याला वितळण्याचं तापमान म्हणतात. आता सातव्या जागी चुकीचं अक्षर समोर आलं, तर हे तापमान पाच-दहा अंशांनी खाली येतं. नेमकं किती, ते चुकीची जोडी कोणती आणि तिचे शेजारी कोण यावर ठरतं. बरोबर जोडी ४४ ला सुटते आणि चुकीची समजा ३६ ला, तर ४० वर नमुना धुवायचा. चुकीचे धागे वाहून जातात, बरोबर टिकतात. नीरक्षीरविवेक करायला आपल्या हाती एवढीच काय ती फट आहे.

धागा लांब केला की ही फट बुजत जाते. पन्नास अक्षरांच्या धाग्यात एका चुकीने एखाद-दोन अंशांचाच फरक पडतो. तेवढ्यावर भरवसा ठेवून कुणाला आजार आहे की नाही हे सांगता येत नाही.

चुकीची जोडी मुळात खपवून का घेतली जाते? शाळेत आपण शिकतो की ए-टी मध्ये दोन हायड्रोजन बंध असतात आणि जी-सी मध्ये तीन, आणि मनात चित्र तयार होतं ते चेनच्या दातांचं: दात जुळले तर बंद, नाही तर नाही. पण पिळाची बरीचशी मजबुती या बंधांतून येतच नाही. ती येते बेस एकमेकांवर चवड रचल्यासारखे बसण्यातून. सपाट बेस, त्यावर सपाट बेस, मधून पाणी हुसकावलेलं. शिवाय बेस सुटा असला तरी त्याचे हायड्रोजन बंध पाण्याशी होतच असतात, त्यामुळे समोरच्या बेसशी बंध केल्याने होणारा निव्वळ फायदा वाटतो त्याहून बराच कमी असतो. चवड नीट लागली असेल तर मधली एक वाकडी जोडी तिच्यात सामावून जाते.

आणि काही चुकीच्या जोड्या फारशा वाकड्याही नसतात. सगळ्यात डोकेदुखीची म्हणजे जी आणि टी यांची. दोघं किंचित सरकून बसले की त्यांच्यात दोन हायड्रोजन बंध व्यवस्थित होतात, ए-टी इतकेच. ही सरकती जोडी इतकी स्वाभाविक आहे की आरएनएमधलं, म्हणजे डीएनएच्या टी ऐवजी यू असलेल्या भावंडातलं, तिचं रूप, जी आणि यू, सजीवांनी कामालाच लावलं आहे. क्रिक यांनी १९६६ साली मांडलेली वॉबल, म्हणजे सैल जुळणीची, कल्पना तीच. याउलट सी समोर सी आला तर ती जोडी फारच दुबळी ठरते. म्हणजे सगळ्या चुका सारख्या नसतात, आणि प्रोब आखणाऱ्याचं निम्मं काम कोणती चूक समोर येणार आहे हे ओळखण्याचं असतं.

मग पेशीत इतकी अचूक नक्कल कशी होते? तिथे धागे एकटे नसतात. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम, म्हणजे पॉलिमरेज, बसलेल्या जोडीचा आकार चाचपून पाहतं; त्याच्या खाचेत बरोबर मापाचीच जोडी मावते. एरिक कूल यांच्या गटाने १९९७ मध्ये हे फार सुंदर दाखवलं. त्यांनी थायमिनच्या आकाराचा, पण हायड्रोजन बंध जवळजवळ करूच न शकणारा एक रेणू टी च्या जागी ठेवला, तरी पॉलिमरेजने त्याच्यासमोर ए च बसवला. बंध नव्हते, फक्त आकार होता. या तपासणीमुळे चुकांचं प्रमाण लाखात एकाच्या आसपास येतं. मग मागे वळून चूक खोडणारी व्यवस्था, आणि त्यानंतर दुरुस्ती करणारी प्रथिनं. शेवटी साधारण अब्ज अक्षरांत एक चूक उरते. परीक्षानळीत प्रोब आणि त्याचं लक्ष्य यांच्यावर देखरेख करायला असं कुणी नसतं. तिथे जी काही अचूकता हवी ती धाग्याच्या रसायनातच घालावी लागते.

सुदैवाने प्रयोगशाळेत धागा एकेक अक्षर जोडत रासायनिक पद्धतीने बनवला जातो. त्यामुळे हव्या त्या जागी हवा तसा बदललेला तुकडा बसवता येतो. बदल करायला जागा तीन: बेस, त्याला धरून असलेली साखर आणि साखरेला साखर जोडणारा फॉस्फेटचा कणा.

जोर वाढवला तर?

इथे एक गैरसमज सहज होतो आणि तो मुळातच काढायला हवा. धागा अधिक घट्ट धरेल असा केला म्हणजे तो अधिक अचूक झाला, असं नाही. घट्टपणा वाढवला की बरोबर जोडीसोबत चुकीची जोडीही घट्ट होते. ४४ चे ५४ झाले आणि ३६ चे ४६, तर आपल्या हाती काय पडलं? फट तेवढीच राहिली. अचूकता असते ती या दोन आकड्यांमधल्या अंतरात. ऊर्जेच्या भाषेत सांगायचं तर बरोबर आणि चुकीच्या जोडीत दर १.४ किलोकॅलरी प्रति मोल फरक पडला, की त्यांच्या प्रमाणात दहापट फरक पडतो. रसायनशास्त्रज्ञाची सगळी धडपड हा फरक वाढवण्यासाठी असते.

तरीही घट्टपणाचा उपयोग होतो, पण आडवाटेने: धागा घट्ट धरत असेल तर तो आखूड ठेवता येतो. आणि धागा आखूड असला की त्यातल्या एकेका अक्षराचं वजन वाढतं. वीस जणांनी ओढलेल्या दोरीत एकाने हात सोडला तर कळतही नाही. आठ जणांत कळतं.

एलएनए या रसायनाचा जन्म याच विचाराला फार उपयोगी पडला. ओसाकाच्या ताकेशी इमानिशी यांच्या गटाने १९९७ मध्ये आणि डेन्मार्कच्या येस्पर वेंगल यांच्या गटाने १९९८ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ते मांडलं. डीएनएतली साखर म्हणजे पाच अणूंचं एक वलय, आणि ते सपाट नसतं. दोन प्रमुख ढंगांमध्ये सतत डुलत असतं. पिळात बसताना तिला एकच ढंग धरून राहावा लागतो आणि त्या शिस्तीची किंमत मोजावी लागते. एलएनएमध्ये साखरेच्या दोन टोकांना एक ऑक्सिजन आणि एक कार्बन यांचा छोटा पूल बांधलेला असतो. साखर आधीच योग्य ढंगात अडकलेली असते, किंमत आधीच चुकती झालेली असते. असं एक अक्षर घातलं की वितळण्याचं तापमान साधारण २ ते ८ अंशांनी वाढतं. एका अक्षरासाठी हे खूप आहे. त्यामुळे आठ-नऊ अक्षरांचे प्रोबसुद्धा पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीच्या, तापमानाला टिकू लागले. चुकीची शंका असलेल्या जागी एक आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक अशी तीन एलएनए अक्षरं ठेवली तर बरोबर-चूक यातलं अंतर आणखी वाढतं, हेही पुढे दिसलं. अपवाद पुन्हा त्या जी-टी जोडीचा: तिथे जी ला एलएनए केलं तर अंतर वाढण्याऐवजी कमी होऊ शकतं. सरकती जोडीसुद्धा नव्या घट्टपणाचा फायदा उचलते.

आखूड धाग्याची एक मर्यादा मात्र कायम डोक्यात ठेवावी लागते. आठ अक्षरांचे वेगवेगळे धागे होतात ६५,५३६. तीनशे कोटी अक्षरांत, ती स्वैर विखुरलेली आहेत असं धरलं, तर तोच आठ अक्षरांचा मजकूर पंचेचाळीस हजारांच्या आसपास ठिकाणी सापडेल. एकमेव ठिकाण हवं तर किमान सोळा-सतरा अक्षरं लागतात. चारचा सोळावा घात ४२९ कोटी होतो, म्हणून. त्यामुळे आठ-नऊ अक्षरांचा प्रोब चालतो तो पीसीआरने आधीच एक छोटा तुकडा वेगळा काढून त्याच्या असंख्य प्रती केल्या असतील तिथेच. जागा शोधायचं काम लांब प्रायमरांचं, म्हणजे नक्कल जिथून सुरू होते त्या धाग्यांचं, अक्षर तपासायचं काम आखूड प्रोबचं. ही कामाची वाटणी लक्षात आली की या क्षेत्रातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

कणाच बदलून टाकायचा प्रयोग त्याआधीच झाला होता. १९९१ मध्ये डेन्मार्कमध्ये पीटर नील्सन, मायकेल एग्होल्म, रोल्फ बर्ग आणि ओले बुखार्ट यांनी साखर आणि फॉस्फेट दोन्ही काढून त्यांच्या जागी प्रथिनांत असतो तसला कणा ठेवला. हा पीएनए. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना मुळात दूर लोटत असतात आणि त्यांना जवळ ठेवायला द्रावणात मीठ लागतं. पीएनएवर भारच नाही, म्हणून ही ढकलाढकली नाही. घट्टपणा तर वाढलाच, पण इथे फटही रुंदावली: पंधरा अक्षरांच्या धाग्यात एका चुकीने डीएनए-डीएनए जोडीचं तापमान सरासरी ११ अंशांनी उतरायचं, ते पीएनए-डीएनए जोडीत १५ अंशांनी उतरलं.

पीएनएचा आणखी एक गुण आहे, जो आधी दोष वाटला असेल. पॉलिमरेज त्याला ओळखत नाही, म्हणून पीएनए प्रायमर म्हणून लांबवता येत नाही. याचाच उपयोग क्लॅम्पसारखा होतो. कॅन्सरच्या रुग्णाच्या रक्तात गाठीतून आलेला बदललेला डीएनए थोडा असतो आणि निरोगी डीएनए भरमसाट. सरळ पीसीआर केला तर निरोगी प्रतींच्या गर्दीत बदललेल्या हरवून जातात. मग निरोगी मजकुराशी नेमका जुळणारा पीएनए सोडायचा. तो तिथे घट्ट बसून वाट अडवतो. बदललेल्या मजकुरावर एक अक्षर चुकल्याने तो टिकत नाही आणि फक्त त्याच प्रती वाढतात. के-रास या जनुकाचं उदाहरण पाहा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये त्याच्या बाराव्या जागेवरच्या जी-जी-टी चं पुष्कळदा जी-ए-टी होतं. क्लॅम्प एका धाग्यावर बसवला तर बदललेल्या नमुन्यात सी आणि ए समोरासमोर येतात, बऱ्यापैकी वाईट जोडी. दुसऱ्या धाग्यावर बसवला तर जी आणि टी समोरासमोर, तीच ती चिवट सरकती जोडी. एकच बदल आणि एकच रसायन, पण धागा कोणता निवडला यावर चाचणीचं भवितव्य ठरतं. महागडं रसायन वापरण्याआधी कागदावर हे दोन मिनिटांत पाहता येतं.

कमजोर करूनही अचूक

घट्टपणा आणि अचूकता वेगळ्या आहेत याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा मला उलट्या दिशेच्या एका प्रयोगात दिसतो. १९९७ मध्ये लॉइड स्मिथ यांच्या गटाने प्रोबमध्ये मुद्दाम एक बिघाड घातला: एका जागी नायट्रोपायरोल नावाचा, कुणाशीच नीट जोडी न करणारा बेस ठेवला. जोडी आधीच एका पायावर लंगडत असते. दुसरी चूक आली की ती कोसळते. बरोबर जोडी कमजोर झाली, पण चुकीची त्याहून जास्त कमजोर झाली, आणि फट रुंद झाली.

औषधांमध्ये हा धडा जास्त गंभीरपणे शिकावा लागला. एखाद्या आरएनएला बांधून त्याचा नाश करणारे छोटे धागे औषध म्हणून वापरतात. त्यात एलएनए घातल्यावर परिणाम वाढला, पण त्यातल्या काही धाग्यांनी उंदरांच्या यकृताला इजा केली. इतका घट्ट धरणारा धागा अर्धवट जुळणाऱ्या, नको त्या आरएनएलाही धरून बसतो, हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण असल्याचं पुढे दिसलं. याच जातीची पूल बांधलेली अक्षरं क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीच्या मार्गदर्शक आरएनएत मोजक्या जागी बसवली तर कात्री चुकीच्या ठिकाणी कमी चालते, असंही २०१८ मध्ये दाखवलं गेलं. रसायन जवळपास तेच आहे. कुठे आणि किती घालायचं यावर सगळं अवलंबून आहे.

टोकांचा प्रश्न थोडा वेगळा. धाग्याच्या शेवटच्या जोड्या सतत उघड-मीट करत असतात, त्यांना एकाच बाजूने शेजार असतो. त्यामुळे टोकावरची चूक जवळजवळ फुकटात खपते. जर्मनीत क्लेमेन्स रिशर्ट यांच्या गटाने धाग्याच्या टोकाला एक सपाट टोपी जोडायची पद्धत विकसित केली आहे. ही टोपी बरोबर मापाच्या जोडीवर चपखल बसते, वेड्यावाकड्या जोडीवर तितकीशी बसत नाही. पॉलिमरेजची आकार चाचपण्याची जी खुबी आहे, तिचाच एक छोटा अंश धाग्याच्या शेपटाला दिल्यासारखं.

एक अणू

या सगळ्यांत मला सर्वांत मोहवणारा बदल म्हणजे एका अणूचा. थायमिनच्या वलयाला दोन ऑक्सिजन लागलेले असतात, एक चौथ्या स्थानी आणि एक दुसऱ्या. टी जेव्हा ए समोर बसतो तेव्हा चौथ्या स्थानचा ऑक्सिजन बंध करतो. दुसऱ्या स्थानचा नुसता बसून असतो, त्याला त्या जोडीत काम नसतं. पण टी जेव्हा जी समोर सरकून बसतो, तेव्हा नेमका हाच बिनकामाचा ऑक्सिजन पुढे होऊन जी चा हायड्रोजन धरतो. चुकीची जोडी उभी असते ती त्याच्या आधारावर.

मग तेवढा एक ऑक्सिजन काढून तिथे गंधक ठेवायचं. गंधक मोठं असतं आणि हायड्रोजन बंध करण्यात ऑक्सिजनपेक्षा बरंच कच्चं. जी-टी चा आधार ढासळतो. ए-टी चं काहीच बिघडत नाही, उलट गंधकामुळे शेजारच्या बेसशी चवड अधिक चांगली लागते आणि बरोबर जोडी थोडी मजबूतच होते. एकाच बदलात बरोबर वर गेलं आणि चूक खाली आली. आधी म्हटलं ना, की घट्टपणा वाढवला की दोन्ही आकडे सोबत वाढतात. इथे ते विरुद्ध दिशांना जातात. फट रुंद करायचा याहून नेमका उपाय मला माहीत नाही.

ही युक्ती माणसाची नाही. पेशीत प्रथिन बनवताना आरएनएचा मजकूर वाचणाऱ्या काही टीआरएनए रेणूंत, नेमक्या वॉबलच्या अक्षरावर, यू च्या दुसऱ्या स्थानी ऑक्सिजनऐवजी गंधक असतं. साध्या जीवाणूंपासून माणसापर्यंत ते आढळतं. ते बसवण्यासाठी पेशी खास एन्झाइमं बाळगते.

जॅक शोस्ताक यांच्या गटाने हेच गंधक आणखी मागे, जीवसृष्टीच्या उगमाच्या प्रश्नात नेलं. एन्झाइमं जन्माला येण्याआधी आरएनएची नक्कल झाली असेल तर ती केवळ धाग्याला धागा जुळून झाली असणार, आणि त्यात जी समोर यू बसण्याची चूक सतत होत असणार. चुकांनी भरलेली नक्कल पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. त्यांनी प्रयोगात एन्झाइमाशिवाय होणाऱ्या नकलेसाठी गंधकवाला यू वापरून पाहिला. नक्कल जास्त वेगाने झाली आणि तिच्यातल्या चुकाही कमी झाल्या.